ग्रेच्या ग्रंथातील चित्रांचा हात: डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर

प्रथम वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने तीन गोष्टी विचारल्या आहेत. ग्रे यांच्या शरीररचनाशास्त्राच्या प्रसिद्ध ग्रंथातील चित्रे काढणारे डॉ. कार्टर मुंबईत शिकवत होते, हे खरे आहे का? ते शल्यचिकित्सक होते की चित्रकार? आणि चित्रांखेरीज त्यांच्या नावावर स्वतःचे काही लेखन आहे का? विच्छेदन कक्षात तीस वर्षांहून अधिक काळ शिकवण्यात गेल्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून उत्तर थोडे लांबले तर सांभाळून घ्यावे.

होय, कार्टर मुंबईत शिकवत होते, आणि तेही भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. ते रीतसर परीक्षा देऊन झालेले शल्यचिकित्सक होते. चित्रकला त्यांच्या घरातच होती, पण त्यांनी तो पेशा म्हणून पत्करला नाही. त्यांच्या नावावर चार-पाच स्वतंत्र ग्रंथ आहेत आणि त्यांतील बहुतेकांची सामग्री मुंबई, सातारा आणि काठेवाड येथील रुग्णांकडून मिळालेली आहे. ज्या चित्रांमुळे जग त्यांना ओळखते, ती काढायला त्यांना जेमतेम दीड वर्ष लागले आणि हिंदुस्थानातील नोकरी तीस वर्षांची झाली. त्यांच्याविषयी जे लिहिले जाते त्यात हे प्रमाण बहुधा उलटे झालेले असते, अशी माझी जुनी तक्रार आहे.

हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांचा जन्म २२ मे १८३१ रोजी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हल या बंदरात झाला. वडील हेन्री बार्लो कार्टर हे जलरंगातील सागरी देखाव्यांसाठी नावाजलेले चित्रकार होते आणि स्कारबरो या समुद्रकाठच्या गावी त्यांचा जम बसला होता. धाकटा भाऊ जोसेफ न्यूइंग्टन हाही पुढे चित्रकारच झाला. मुलाच्या नावातच एका थोर चित्रकाराचे नाव गुंफणाऱ्या घरातून थोरला मुलगा वैद्यकाकडे वळला आणि सोळा-सतराव्या वर्षी लंडनला येऊन सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या वैद्यकीय शाळेत शिकू लागला. १८५२ मध्ये त्यांना रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे सदस्यत्व मिळाले, काही महिने ते पॅरिसला राहून आले आणि त्यानंतर त्याच कॉलेजात मानवी आणि तौलनिक शरीररचनेचा अभ्यास करण्यासाठी त्यांना विद्यावेतन मिळाले. तेथे सूक्ष्मदर्शकाचे जाणकार जॉन क्वेकेट यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. १८५६ मध्ये लंडन विद्यापीठाची एम.डी. ही पदवीही त्यांनी मिळवली. सूक्ष्मदर्शकाचा हा सराव ध्यानात ठेवावा, कारण मुंबईत पुढे त्यांना ब्रशपेक्षा तोच अधिक उपयोगी पडला.

हेन्री ग्रे हे त्याच रुग्णालयात चार वर्षांनी ज्येष्ठ होते. हुशार, महत्त्वाकांक्षी आणि ओळखीपाळखी राखून असलेले. प्लीहेवरील प्रबंधासाठी १८५३ मध्ये त्यांना अ‍ॅस्टली कूपर पारितोषिक मिळाले आणि त्या प्रबंधासाठी कार्टर यांनी चित्रे काढली होती. १८५५च्या नोव्हेंबरअखेरीस ग्रे यांनी कार्टर यांच्यापुढे विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तक काढण्याचा विचार मांडला. कार्टर नियमाने रोजनिशी लिहीत असत. ती आज लंडनच्या वेलकम संग्रहात जपलेली आहे. त्या दिवसाची नोंद अगदी कोरडी आहे: विचार चांगला, पण काही ठरले नाही, अशा अर्थाची. पुढे काय होणार आहे याची त्या चोवीस वर्षांच्या तरुणाला सुतराम कल्पना नव्हती. एरवीही ही रोजनिशी फार मोकळी नाही. धर्मश्रद्धा, आळसाबद्दल स्वतःला लावलेले बोल आणि पैशांची चणचण हेच त्यात पुन्हापुन्हा येते.

१८५६ आणि १८५७ या दोन वर्षांत किनर्टन स्ट्रीटवरील शरीररचनेच्या शाळेत दोघांनी मिळून विच्छेदन केले. मृतदेह कोठून येत, हे विद्यार्थ्यांना मी मुद्दाम सांगते. इंग्लंडमध्ये १८३२ साली झालेल्या कायद्यानुसार गरीबखान्यांत आणि रुग्णालयांत मरण पावलेल्या, कोणी ताब्यात न घेतलेल्या माणसांचे देह शाळांना मिळत. आपल्याकडचा १९४९चा मुंबई शरीरशास्त्र अधिनियम याच तत्त्वावर उभा आहे. देहदानाची प्रथा रुजेपर्यंत आपल्या टेबलांवरही बेवारस माणसेच होती. तेव्हा त्या चित्रांतील शांत चेहरे आणि रेखीव हात लंडनच्या अशाच निनावी गरिबांचे आहेत.

आता चित्र प्रत्यक्षात कसे तयार होई, ते पाहू. त्या काळी मजकुराबरोबर एकाच पानावर चित्र छापायचे तर ते लाकडी ठोकळ्यावर कोरावे लागे. त्यासाठी बॉक्सवुड नावाचे अतिशय घट्ट लाकूड आडवे कापून त्याचा गुळगुळीत ठोकळा करीत आणि त्यावर पांढरा पातळ लेप देत. सर्वसाधारण रीत अशी होती की चित्रकार कागदावर चित्र काढी आणि दुसरा कोणी ते ठोकळ्यावर उतरवी. कार्टर यांनी बरेचसे काम थेट ठोकळ्यावरच केले. छापल्यावर ठोकळ्यावरील चित्र उलटते, म्हणून सारे काही आरशात दिसावे तसे, डाव्याचे उजवे करून काढावे लागे. समोरच्या टेबलावर उजवा हात सोललेला आहे, ठोकळ्यावर तो डावा म्हणून उतरवायचा, आणि त्यावर लिहायची स्नायूंची व धमन्यांची नावेही उलट्या अक्षरांत लिहायची. नंतर बटरवर्थ आणि हीथ यांच्या कारखान्यातील कारागीर रेषांमधला भाग कोरून काढीत. जे कोरले ते पांढरे राही आणि जे शिल्लक राही ते शाईने उमटे. वर्गात मी कधीकधी मुलांना हाताच्या मागच्या बाजूचे स्नायू अशा उलट्या पद्धतीने काढायला सांगत असे. पाच मिनिटांत निम्मा वर्ग पेन्सिली खाली ठेवी.

चित्रांवर लिहिलेल्या त्या नावांतच या ग्रंथाचे खरे वेगळेपण आहे. त्या काळच्या बहुतेक पुस्तकांत अवयवाशेजारी बारीक अंक किंवा अक्षर असे आणि त्याचा अर्थ खालच्या टिपेत शोधावा लागे. टेबलाशी उभे राहून, एका हातात चिमटा धरून असे शोधणे किती त्रासाचे असते, ते विच्छेदन केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. कार्टर यांच्या चित्रात धमनीचे नाव धमनीच्या वळणाबरोबर वळते, स्नायूचे नाव त्याच्या तंतूंच्या दिशेने धावते. नजर अवयवावरून हलत नाही आणि नाव त्याच जागी डोक्यात बसते. हाडांच्या पुस्तकांत अशी पद्धत थोडीफार आधीही वापरली गेली होती, त्यामुळे ही कल्पना सर्वस्वी त्यांचीच होती, असा माझा दावा नाही. पण संपूर्ण शरीरासाठी, शेकडो चित्रांत, इतक्या सातत्याने तिचा वापर त्यांनी केला आणि याचे कारण मला असे दिसते की ते स्वतः सेंट जॉर्जेसमध्ये निदर्शक, म्हणजे विच्छेदनाच्या टेबलाशी उभे राहून दाखवत शिकवणारे, होते. विद्यार्थी कोठे अडखळतो, हे निदर्शकाला प्राध्यापकापेक्षा नेहमीच अधिक कळते. ठोकळ्यांच्या मापात गडबड होऊन काही ठोकळे ठरलेल्या पानापेक्षा मोठे निघाले, आणि चित्रे पानभर ऐसपैस दिसतात याचे एक कारण ही चूकही आहे.

पार्कर या प्रकाशकांनी ऑगस्ट १८५८ मध्ये हा ग्रंथ काढला. पाने सुमारे साडेसातशे, चित्रे ३६३, किंमत २८ शिलिंग. ग्रे यांना दर हजार प्रतींमागे १५० पौंड मिळायचे होते. कार्टर यांना एकदाच १५० पौंड मिळाले आणि नंतरच्या आवृत्त्यांतून काहीही नाही. शीर्षकपृष्ठाच्या मुद्रितावर, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या कच्च्या छापावर, दोघांची नावे सारख्या टाइपात जुळवली होती आणि कार्टर यांच्या नावाखाली मुंबईच्या महाविद्यालयातील पदही दिले होते. ग्रे यांनी ते मुद्रित तपासताना कार्टर यांचे नाव लहान करायला सांगितले आणि ते पद खोडून टाकले. छापील पानावर ‘सेंट जॉर्जेसचे माजी निदर्शक’ एवढेच उरले. तरीही ग्रे यांना खलनायक करण्याचे कारण नाही. प्रस्तावनेत त्यांनी सर्व चित्रे कार्टर यांनी काढल्याचे स्पष्ट लिहिले आहे आणि विच्छेदन दोघांनी मिळून केल्याचे शीर्षकपृष्ठावरच नमूद आहे. पण नाव बारीक करण्यामागचा स्वभाव त्या मुद्रितावर दिसतो, आणि वैद्यकीय महाविद्यालयांत वावरलेल्या कोणालाही तो अनोळखी वाटणार नाही. ग्रे यांना या यशाचा उपभोग फार दिवस घेता आला नाही. देवीने आजारी असलेल्या पुतण्याची शुश्रूषा करताना त्यांनाही देवी आल्या आणि १३ जून १८६१ रोजी, वयाच्या ३४व्या वर्षी, ते वारले.

पुस्तक बाहेर पडले तेव्हा कार्टर मुंबईत होते. लंडनमध्ये घर नाही, वशिला नाही आणि खाजगी व्यवसाय उभा करण्याइतके भांडवल नाही, अशा तरुण शल्यचिकित्सकाला कंपनी सरकारची वैद्यकीय नोकरी हा एक खुला मार्ग होता, कारण तिच्यासाठी नुकतीच स्पर्धा परीक्षा सुरू झाली होती. जानेवारी १८५८ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाले. सत्तावनच्या उठावाची धग अजून विझलेली नव्हती आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीचे राज्य जाऊन राणीचे आले. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले होते आणि त्याला लागूनच जमशेटजी जीजीभाई रुग्णालय होते. तेथे कार्टर शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवू लागले आणि रुग्णालयात सहायक शल्यचिकित्सक म्हणून काम पाहू लागले. याच महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीतून १८५१ मध्ये बाहेर पडलेले डॉ. भाऊ दाजी लाड त्या काळात मुंबईत व्यवसाय करीत होते आणि पुढे कुष्ठरोगावरील त्यांच्या औषधाचा मोठा बोलबाला झाला. त्याच शहरात, त्याच दशकात, त्याच रोगाचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करणारे कार्टर होते. महाराष्ट्राच्या वैद्यकीय इतिहासात या दोन वाटा शेजारीशेजारी मांडून पाहण्यासारख्या आहेत.

‘शल्यचिकित्सक’ या शब्दाबद्दल येथेच सांगून टाकते. त्या सेवेत असिस्टंट सर्जन, सर्जन, डेप्युटी सर्जन-जनरल ही सारी हुद्द्यांची नावे होती. माणूस दिवसभर ताप तपासत असला तरी हुद्द्याने सर्जनच. आपल्याकडे जिल्हा रुग्णालयाच्या प्रमुखाला अजूनही सिव्हिल सर्जन म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सक म्हणतात, मग ते भूलतज्ज्ञ असोत की बालरोगतज्ज्ञ. तो त्याच व्यवस्थेचा अवशेष आहे. कार्टर शस्त्रक्रिया करीत असत यात शंका नाही, पण त्यांचे मोठे काम रोगनिदानशास्त्राचे आहे, म्हणजे रोगाने ऊतींत काय घडते ते पाहून सांगण्याचे.

त्यातील पहिले आणि माझ्या मते सर्वांत सुंदर काम ‘मदुरा पाय’ या रोगावरचे. अनवाणी शेतात काम करणाऱ्या माणसाच्या तळपायात काटा जातो, जखम भरते आणि पुढे महिन्या-वर्षांत पाऊल सुजू लागते. पाऊल गाठाळते, त्यावर बारीक तोंडे फुटतात आणि त्यांतून पू झिरपतो. दुखणे मात्र सुजेच्या मानाने कमीच असते. या पुवात दाणे असतात, काही रुग्णांत खसखशीएवढे काळे, तर काहींत माशाच्या गाबोळीसारखे फिकट. हाडापर्यंत पोखरण झाली की पाय कापण्यावाचून त्या काळी इलाज नव्हता. दक्षिणेतील मदुरेच्या डॉक्टरांनी १८४०च्या दशकात या रोगाचे वर्णन केले होते, पण तो काय आहे ते कळले नव्हते. कार्टर यांनी कापलेले पाय उभे चिरले, दाणे बाहेर काढले, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि त्यांत बुरशीचे तंतू पाहिले. १८६० मध्ये मुंबईच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीपुढे त्यांनी हे मांडले आणि रोगाला ‘मायसेटोमा’ म्हणजे बुरशीची गाठ असे नाव दिले. तेच नाव आजही चालते. काळ्या दाण्यांचा आणि फिकट दाण्यांचा प्रकार त्यांनी वेगळा ओळखला होता. पुढे असे ठरले की काळे दाणे बुरशीचे, तर फिकट दाण्यांपैकी अनेक तंतूंसारख्या वाढणाऱ्या जिवाणूंचे असतात. उपचारासाठी हा भेद जीवनमरणाचा आहे, कारण जिवाणूंवरची प्रतिजैविके बुरशीवर चालत नाहीत.

त्यांची एक चूकही सांगायला हवी. त्यांनी पाठवलेल्या सामग्रीवरून इंग्लंडमधील बुरशीतज्ज्ञ बर्कली यांनी एका बुरशीला ‘कायोनिफी कार्टराय’ असे नाव दिले आणि तीच रोगाचे कारण म्हणून काही काळ मानली गेली. ती प्रत्यक्षात नमुन्यावर बाहेरून वाढलेली बुरशी होती. शुद्ध वाढ करण्याचे तंत्र तेव्हा नव्हतेच, त्यामुळे ही चूक समजण्यासारखी आहे. १८७४ मध्ये या रोगावर त्यांचा स्वतंत्र ग्रंथ निघाला. त्यात चिरलेल्या पायांची रंगीत चित्रे आहेत आणि ती पाहताना किनर्टन स्ट्रीटवरचाच हात दिसतो. फरक एवढाच की येथे शेजारी दुसऱ्या कोणाचे नाव नाही. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मायसेटोमाचा दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत समावेश केला. कार्टर यांच्या निबंधाला तेव्हा दीडशेहून अधिक वर्षे झाली होती आणि रुग्ण बहुतांशी तेच होते, अनवाणी राबणारे.

१८६३ ते १८७२ ही वर्षे ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. रुग्णालय, तुरुंग, शवपरीक्षा, न्यायालयातील साक्ष, देवी टोचण्याची देखरेख असा तो व्याप होता आणि शहरातल्या महाविद्यालयाच्या मानाने ही बदली एखाद्याला वनवासासारखी वाटली असती. कार्टर यांनी तेथेही लिहिणे सोडले नाही. मूतखड्यांचे पातळ काप करून त्यांची सूक्ष्म रचना कशी थराथराने बनते, याचा त्यांनी अभ्यास केला आणि त्यावरचे पुस्तक १८७३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचे खाजगी आयुष्य मात्र फारसे सुखाचे नव्हते. मुंबईत आल्यावर लवकरच, १८५९ मध्ये, झालेला विवाह टिकला नाही.

१८७२ मध्ये दीर्घ रजा घेऊन ते युरोपात गेले आणि रजेचा बराच काळ त्यांनी कुष्ठरोगावर खर्च केला. मुंबईत असतानाच त्यांनी कुष्ठरुग्णांच्या शवांचे विच्छेदन करून चेतातंतू जाड झालेले दाखवले होते. हाताची बधिरता, वाकडी बोटे, न कळणाऱ्या जखमा यांचे मूळ त्वचेइतकेच चेतातंतूंत आहे, ही गोष्ट शरीररचना पक्की असलेल्या माणसालाच सुचू शकते. कोपराच्या मागून जाणारा अल्नार हा चेतातंतू बोटाने चाचपून पाहायला आपण आज प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतो, ती याच ज्ञानाची परिणती आहे. युरोपात कुष्ठरोग तेव्हा प्रामुख्याने नॉर्वेत उरला होता आणि बर्गन हे त्याच्या अभ्यासाचे केंद्र होते. १८७३ मध्ये, ज्या वर्षी तेथील डॉक्टर हॅन्सन यांना कुष्ठरुग्णांच्या गाठींत दंडाकार जिवाणू दिसले त्याच वर्षी, कार्टर तेथे गेले होते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने १८६७ मध्ये हा रोग संसर्गजन्य नाही असा निर्वाळा दिला होता आणि सरकारी धोरण त्यावरच चालत होते. नॉर्वेतील आश्रम आणि नोंदवह्या पाहून आल्यावर कार्टर यांनी हिंदुस्थान सरकारला रुग्णांना वेगळे ठेवण्याची व्यवस्था करावी असे सुचवले. परतल्यावर १८७६ मध्ये काठेवाडातील कुष्ठरोगाचा अहवालही त्यांनी दिला. रोग संसर्गजन्य आहे हे त्यांचे मत बरोबर ठरले. रुग्णांना वेगळे ठेवण्याच्या उपायाबद्दल मला तितक्या निर्धास्तपणे बोलता येत नाही, कारण १८९८ मध्ये झालेल्या कायद्याने फिरस्त्या, भिक्षा मागणाऱ्या कुष्ठरुग्णांना डांबण्याची सोय केली आणि त्याचा भार गरिबांवरच पडला.

१८७६-७७च्या दुष्काळात दख्खनच्या जिल्ह्यांतून हजारो भुकेली माणसे मुंबईत आली आणि त्यांच्याबरोबर एक विचित्र तापही आला. हा ताप एकदम चढतो, पाच-सात दिवस राहतो, घाम येऊन उतरतो, माणूस बरा झाला असे वाटते आणि आठवडाभराने तो पुन्हा उलटतो. बर्लिनचे ओबरमायर यांनी १८७३ मध्ये अशा रुग्णांच्या रक्तात वळवळणारे मळसूत्री जंतू पाहिल्याचे प्रसिद्ध केले होते. कार्टर तेव्हा मुंबईत गोकुळदास तेजपाल रुग्णालयाशी संबंधित होते. त्यांनी दुष्काळग्रस्तांच्या रक्ताचे थेंब तपासले आणि तेच जंतू त्यांना दिसले: ताप चढलेला असताना पोहणारे, ताप उतरल्यावर नाहीसे झालेले. नंतर त्यांनी रुग्णाचे रक्त माकडांना टोचून ताप निर्माण करून दाखवला. एखादा जंतू रोगाचे कारण आहे हे सिद्ध करायचे तर एवढे करावे लागते. याबाबतचे, जर्मन जंतुशास्त्रज्ञ कॉख यांच्या नावाने ओळखले जाणारे निकष अजून रूढ व्हायचे होते. हे काम करताना कार्टर यांना स्वतःला हाच ताप आला आणि ते त्यातून उठले. १८८२ मध्ये ‘स्पिरिलम फीव्हर’ हा त्यांचा मोठा ग्रंथ लंडनला निघाला आणि त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल असोसिएशनचे स्टुअर्ट पारितोषिक त्यांना मिळाले. त्या जंतूला पुढे काही काळ त्यांचे नाव होते. हा रोग अंगावरच्या उवांतून पसरतो, एवढे मात्र त्यांना उमगले नाही. ते मॅकी यांनी १९०७ मध्ये दाखवले, आणि तेही आपल्या नाशिकला.

ग्रँट मेडिकल कॉलेजच्या प्राचार्यपदाचे काम याच काळात त्यांच्याकडे आले. शेवटच्या वर्षांतही सूक्ष्मदर्शक सुटला नाही. हिवतापाच्या रुग्णांच्या रक्तात लाव्हरॉं यांनी अल्जीरियात १८८० मध्ये पाहिलेले परजीवी हिंदुस्थानात खरोखर आहेत, याची पुष्टी १८८७च्या सुमारास करणाऱ्या पहिल्या लोकांत ते होते. बाकीचे बडे अधिकारी तेव्हा या शोधाकडे संशयानेच पाहत होते. १८८८ मध्ये डेप्युटी सर्जन-जनरल या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले, स्कारबरोला परतले, १८९० मध्ये मेरी एलन रॉबिसन यांच्याशी विवाह केला आणि त्यांना दोन मुले झाली. त्याच वर्षी राणीचे मानद शल्यचिकित्सक म्हणून त्यांची नेमणूक झाली. ४ मे १८९७ रोजी क्षयाने त्यांचे निधन झाले. डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी रॉस यांना सिकंदराबादेत सापडला तो त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये.

विद्यार्थिनीने शेवटी आणखी एक विचारले होते: आंतरजालावर मिळणाऱ्या जुन्या चित्रांखाली सर्वत्र कार्टर यांचेच नाव असते, ते बरोबर आहे का? सरसकट बरोबर नाही. ती बहुतेक चित्रे १९१८च्या अमेरिकी आवृत्तीतून घेतलेली असतात, कारण तिच्यावर आता कोणाचा हक्क नाही. त्या आवृत्तीत १,२४७ चित्रे आहेत, आणि कार्टर यांनी काढली ती ३६३. त्यांतलीही काही मधल्या साठ वर्षांत वगळली गेली, काही बदलली गेली, काहींवर धमन्यांसाठी तांबडा आणि शिरांसाठी निळा रंग चढला. ओळखायचे असेल तर नावे अवयवाच्या अंगावर, त्याच्या वळणाने लिहिलेली आहेत का ते आधी पाहावे. बाहेर रेघ ओढून मोकळ्या जागेत नीटनेटके नाव दिलेले असेल, तर ते चित्र बहुधा नंतरचे. हाडे, सांधे, स्नायू आणि मोठ्या रक्तवाहिन्या यांत कार्टर अजून पुष्कळ सापडतात. मज्जासंस्थेचे सूक्ष्म छेद आणि गर्भाच्या वाढीची चित्रे त्यांची म्हणून प्रकल्पवहीत लावू नयेत.